नालुगू म्हणजे अच्चियम्मा

गोदावरीतल्या नेरेडुलंका बेटावर वरूधिनी टीचरम्माला आवडेल असा एकही माणूस नव्हता, आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवूनही ठेवत नसे. होडीतून उतरणाऱ्या पाहुण्याकडे ती अशा नजरेनं बघे की तो बिचारा आपल्या धोतराला मागे काही लागलंय का म्हणून चाचपून पाही. सरपंच तिच्या मते दगड होता, शाळामास्तर पंतुलू निरक्षर होता, आणि देवळातला पुजारी मंत्र म्हणताना जे उच्चार करी ते ऐकून देव अजून गाभाऱ्यात बसून आहे याचंच तिला नवल वाटे.

तिचा बाप अमलापुरात देवळात पुराण सांगायचा. पोरीनं धड चालायच्या आधी पद्यं पाठ केली. पुढे तिनं तेलुगूची विद्वान परीक्षा दिली, छंदांवर हुकमत मिळवली, आणि हायस्कुलात तेलुगू शिकवायचं असं ठरवलं. शंभर पद्यांचं एक शतक रचून तिनं राजमहेंद्रीच्या एका मासिकाकडे पाठवलं. ते छापून आलं नाही आणि परतही आलं नाही. हायस्कुलातली जागा दुसऱ्याच कोणाला तरी मिळाली, ज्याला छंद म्हणजे पानसुपारीचा असतो एवढंच ठाऊक होतं. मग लग्न झालं नेरेडुलंकेतल्या एका नारळबागवाल्याशी. कविता हा डोक्यात वारं भरल्यामुळे होणारा आजार आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं. एका दुपारी जेवणानंतर ती त्याला नवं पद्य म्हणून दाखवत होती, तो ऐकता ऐकता झोपला, आणि उठलाच नाही. गावानं यावर जे विनोद केले ते तिच्या कानांवर यायचे. नेरेडुलंकेच्या अकलेबद्दलचं तिचं मत तेव्हापासून पक्कं झालं.

बाग दिरांनी घेतली. तिच्या वाट्याला आली गावची अंगणवाडी.

नाक गळणारी, चड्डी ओली करणारी, अंड्यातला पिवळा भाग जमिनीला पुसणारी पोरं. त्यांना गाणी म्हणून अंक शिकवायचे. वर्षातून दोनदा अमलापुराहून हिमबिंदू नावाची सुपरवायझर यायची. कोवळी पोरगी, पण होडीतून उतरताना चप्पल हातात घेऊन असा चेहरा करायची की जणू गोदावरीनं तिची परवानगी न घेताच पाणी सोडलंय.

"टीचरगारू, हे नवीन गाणं. बघा हं," असं म्हणून एका फेरीत तिनं मोबाइल पुढे धरला. "एक म्हणजे सूर्य, वर बोट. दोन म्हणजे डोळे, दोन बोटं. मग कंबर हलवायची. मुलांना आनंद वाटला पाहिजे."

"कोणाची कंबर?" वरूधिनीनं विचारलं.

"तुमची. आणि मुलांची."

"सूर्य एक असतो हे पोराला कळून काय उपयोग? दोन असते तर सांगण्यासारखी गोष्ट होती."

हिमबिंदूला हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही. तिनं टीचरम्माला उभं करून, स्वतः टाळ्या वाजवून, ते गाणं म्हणायला लावलं. विद्वान परीक्षा पास झालेली वरूधिनी डोक्यावर बोट नेऊन सूर्य झाली. पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिली. एकाला झोप लागली. आया पेंटम्मा मागे तांदूळ निवडत होती, तिनं पदर तोंडात कोंबला होता तरी तिचे खांदे हलत होते.

सुपरवायझरची होडी सुटली तेव्हा वरूधिनी दारात उभी होती, आणि रागानं तिच्या कानशिलांतून वाफ निघत होती. तेवढ्यात कुंपणावरून पुल्लमराजूनं डोकं वर काढलं. या म्हाताऱ्याला कुठेही डोकावून हसायची सवय होती, आणि हसला की त्याच्या तोंडातला एकुलता एक दात नारळाच्या झाडासारखा एकटाच उभा दिसायचा.

"काय टीचरम्मा, नाच शिकवताय म्हणे?" तो म्हणाला.

वरूधिनी पोरांकडे वळली आणि पुल्लमराजूकडे बोट दाखवून, पावलं थिरकावीत अशा आटवेलदी छंदात, एका दमात म्हणाली:

"ओकटी! पुल्लमराजूचा दात एकटा,
बघा हो बघा, मिरवतो फुकटा!"

पोरं कुंपणाकडे वळली. मग त्यांनी पुल्लमराजूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकदम खिदळली. झोपलेला उठला. पुल्लमराजूला राग यायच्या आत पोरं कुंपणाला चिकटून ओरडत होती: ओकटी, ओकटी! एक म्हणजे काय हे त्या पोरांना त्या दिवशी जसं कळलं तसं सूर्य दाखवून सात जन्मांत कळलं नसतं.

वरूधिनीला आपला विषय सापडला. इतकी वर्षं ती देवांवर, नदीवर, वसंतावर पद्यं करत होती, आणि तिच्या काळजात खरं काय होतं? नेरेडुलंकेचा तिटकारा. आता तो ओळीओळीतून वाहू लागला.

"रेंडू! सरपंचाच्या जिभा दोन,
एक म्हणते या या, दुसरी म्हणते कोण?

मूडू! पंतुलूच्या डोईवर केस तीन,
विंचरून विंचरून आरशाला शीण!"

पोरं घरी जाऊन म्हणू लागली. जो टोमणा दुसऱ्याला असेल तो घरोघरी गोड लागला. सरपंचाच्या बायकोनं पंतुलूचे केस दारच्या ओट्यावर बसून म्हणून घेतले आणि पंतुलूच्या बायकोनं सरपंचाच्या जिभा. ऐदूला दुकानदार कामेशमची तराजूवर नाचणारी पाच बोटं आली. तिघंचौघं तक्रार घेऊन आले, पण त्यांचीच पोरं त्यांच्या मांडीवर बसून बोटं मोजत म्हणून दाखवायची आणि शेजारणी दाद द्यायच्या, तेव्हा तक्रार करणाऱ्याचंच हसं व्हायचं. तीन वर्षांची पोरं बोटं न चुकता मोजत होती. कामेशमच्या दुकानात उभं राहून मोजत होती, हे तर आणखीच झोंबणारं.

"अम्मा, लोक चिडतील हो," पेंटम्मा म्हणाली.

"चिडायला डोकं लागतं. यांच्याकडे फक्त मुंडासं बांधायची जागा आहे."

आणि या सगळ्यांमध्ये एक ओळ होती जिचा वरूधिनीला विशेष अभिमान होता. बाकीच्या ओळी विनोदाच्या, ही न्यायाची, असं ती स्वतःला सांगे.

"नालुगू! अच्चियम्माचे मुलगे चार,
भातासाठी बघते शेजारचं दार!"

अच्चियम्मा कालव्याच्या काठी राहायची. एका अंगणाभोवती चार मुलांची चार घरं, मध्ये तुळस, आणि तुळशीशेजारच्या पडवीत ती. आज मोठ्याची पाळी असं धाकटा म्हणे, आणि मोठ्याला वाटे की कालच आपली झाली. दुपार झाली की अच्चियम्मा काठी घेऊन नूकरत्नमकडे जाई. नूकरत्नम विधवा, एकटी राहायची, चिंचेच्या आंबट रश्शातले मासे असे करायची की वास कालव्यापलीकडे जावा. "माझ्या हाताची चव गेली ग," अच्चियम्मा म्हणे, "तुझ्या हातचं खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही." नूकरत्नम तिला आत्या मानून म्हणे, "मलाही एकटीला घास उतरत नाही, अत्ता." दोघी पाट मांडून जेवत. खरं काय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव गप्प होतं. वरूधिनीच्या मते हे गप्प बसणंच सगळ्यांत मोठ्या निर्लज्जपणाचं होतं.

ओळ अंगणात पोचवली लोवराजूनं. हा अच्चियम्माचा नातू, मोठ्या सूरिबाबूचा, अंगणवाडीतला सगळ्यांत बोबडा आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. घरी पाहुणे बसले होते, लोवराजूच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. लोवराजू तुळशीला प्रदक्षिणा घालत बोटं मोजत आला आणि चौथ्या बोटावर आजीकडे बघून खुशीत ओरडला. पाहुण्यांनी चहाचे पेले खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी अच्चियम्मा काठी टेकत अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. वरूधिनीला वाटलं, म्हातारी आभार मानायला आली. तिनं मान जरा कलती केली आणि आभार ऐकताना मोठी माणसं जो चेहरा करतात तो केलाही.

"ते तू रचलंस?" अच्चियम्मानं विचारलं.

"मीच. कोणीतरी बोलायला हवं होतं."

"मी तुला बोल म्हटलं होतं?"

"अहो, तुमची मुलं तुम्हाला जेवायला घालत नाहीत, आणि..."

"मला ठाऊक नाही होय? पोट माझं आहे." म्हातारी आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलत राहिली. "मी नूकरत्नमकडे चवीसाठी जाते असं सांगत होते. लोक खरं मानत नव्हते, पण मानल्यासारखं करत होते. रस्त्यानं जाताना मला विचारायचे, आज काय ग केलंय नूकरत्नमनं? मी सांगायची. तेवढ्यात माझं भागत होतं. आता मला कोण काय विचारेल?"

"लाज मुलांना वाटायला हवी, तुम्हाला का?"

"त्यांना वाटायला हवी, पण वाटते मला. तू शिकलेली ना? मग एवढंही कसं कळत नाही?" तिनं वरूधिनीला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. आयुष्यभर वरूधिनीनं लोकांकडे जसं पाहिलं होतं अगदी तसंच. "मुलं मला उपाशी ठेवतात, पण घरात ठेवतात. तू मला रस्त्यावर आणून बसवलंस. तेही दुधाच्या दातांच्या पोरांकडून."

काठी वाजवत ती निघून गेली. वरूधिनीला उत्तर सुचलं, पण ते म्हातारी कालव्यापाशी पोचल्यावर, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

"अडाणी बाई," ती पेंटम्माला म्हणाली. "हिच्यासाठी आपण लढायचं आणि हिनं आपल्यालाच..."

पेंटम्मा अंडी सोलत होती. ती टरफलं गोळा करून बाहेर निघून गेली, आणि ते वरूधिनीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चार मुलांना लाज वाटली, पण ती भलत्याच तऱ्हेची. दुपारी सूरिबाबू स्वतः डबा घेऊन मुद्दाम मोठ्या रस्त्यानं जाऊ लागला. स्वतःच्या अंगणातल्या पडवीत जेवण पोचवायला तो आधी देवळापर्यंत जाई आणि तिथून वळून येई. "अम्मा! भात आणलाय ग! डाळीचा पप्पू आणलाय! लोणी घातलंय!" हे तो वेशीपासून ओरडे. दुसऱ्या दिवशी दुसरा भाऊ याहून मोठा डबा आणी आणि याहून मोठ्यानं ओरडे. अच्चियम्माला ते अन्न गिळावं लागे, आणि बघायला चार सुना उभ्या असत. शिवाय मुलं नूकरत्नमच्या दारात जाऊन म्हणाली, "आमच्या आईला तू भीक घालतेस असं गावभर झालंय. आम्ही काय मेलो आहोत का?" नूकरत्नम भित्री. तिनं दुपारी दाराला कडी लावायला सुरुवात केली. मग पंधरवड्यातच मुलांची लाज ओसरली, डबे बंद झाले. कडी मात्र उघडली नाही.

हे वरूधिनीला पेंटम्माकडून कळलं. तिनं नाक मुरडलं, नेरेडुलंकेकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नालुगूची ओळ बदलायला बसली. चांगली ओळ केली, म्हशीचे पाय चार, शेण फार. वर्गात जोरात म्हणून दाखवली.

"नाही!" पोरं ओरडली. "नालुगू अच्चियम्मा!"

"नाही रे, नालुगू म्हैस."

"अच्चियम्मा!"

तिनं दटावलं. गूळ देऊन पाहिलं. गूळ खाऊन तोंड पुसून पोरं म्हणाली, अच्चियम्मा. नवीन आलेली पोरं जुन्या पोरांकडून शिकू लागली. शेवटी तिनं चार वगळूनच गाणं म्हणायचं ठरवलं, मूडूवरून थेट ऐदू. पोरं त्या मोकळ्या जागी एका सुरात, जास्तच जोरात ओरडली. छंद तिनं इतका घट्ट बांधला होता की त्यातून एक शब्द निघत नव्हता. हायस्कुलातल्या मुलांना तिला शिकवायला मिळालं असतं तर ती पोरं परीक्षा झाली की सगळं विसरली असती. ही शेंबडी पोरं काही विसरत नव्हती. तिच्या शतकातली शंभर पद्यं या पृथ्वीवर कोणालाही येत नव्हती, आणि ही एक ओळ बोबड्या जिभांनासुद्धा पाठ होती.

पुढच्या सोमवारी, पोरांची पानं मांडत असताना, अच्चियम्मा परत आली. या वेळी उंबरा ओलांडून आत आली, लोवराजूला सरकवलं, आणि त्याच्या शेजारी रांगेत मांडी घालून बसली.

"काय हे?" वरूधिनी म्हणाली.

"जेवायला आलेय. नूकरत्नमचं दार तू बंद केलंस. आता तुझं उघड."

"इथलं जेवण पोरांचं आहे. सरकारी आहे. मला तुम्हाला वाढता येत नाही."

"तुझा डबा सरकारी आहे?"

पोरं आळीपाळीनं दोघींकडे बघत होती. वरूधिनीनं आपला डबा उघडला, आणि अर्धा भात म्हातारीच्या पानात, जवळजवळ फेकलाच. अच्चियम्मानं एक घास तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"हे काय आहे?"

"पप्पू. गोंगुऱ्याच्या आंबट पाल्याचा."

"देवा रे. मला वाटलं कालवा साफ केलास. मीठ कुठाय यात?"

वरूधिनीच्या स्वयंपाकाला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती, कारण तो खायला कोणी नव्हतंच. तिचे कान तापले. पण म्हातारी पान पुसून जेवली, ढेकर दिली, पोरांच्या समोर काठी आपटून म्हणाली, "हं, म्हणा रे तुमचं," आणि नालुगूला पोरं आपल्या नावानं ओरडली तेव्हा तिनं हात वर करून सांगितलं, "हो हो, मीच ती. जेवले. आता पुढचं म्हणा."

ती रोज येऊ लागली. वरूधिनीला दोघींचं रांधावं लागे, आणि म्हातारी रोज त्यात काहीतरी काढी. भात गिचका झालाय, चिंच जुनी आहे, तुझा नवरा झोपेत गेला त्यात तुझ्या पद्याचा दोष नसणार, तुझ्या वांग्याचा असणार. हे शेवटचं ऐकून पेंटम्मानं हातातली परात सोडली. वरूधिनी आधी पांढरी पडली, मग लाल झाली, आणि मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला जो पेंटम्मानं आजवर ऐकला नव्हता. टीचरम्मा हसत होती.

त्या दिवसापासून जेवणानंतर पोरं झोपली की दोघी भिंतीला टेकून बसत आणि गावाची साल काढत. वरूधिनीला गावाची फक्त चीड होती, पण अच्चियम्माला गावाची माहिती होती. सरपंचाची आई कोणाच्या नारळीवरून शहाळी चोरताना सापडली, पुजाऱ्याच्या बापाला कोणता मंत्र येत नव्हता, पुल्लमराजूचे बाकीचे दात कोणाच्या परसात पडले. वरूधिनी ऐकता ऐकता छंदात बसवी. म्हातारी मान डोलवी किंवा म्हणे, "हे सपक झालं. परत कर." तिच्या पद्याकडे इतक्या वर्षांत कोणी इतकंही लक्ष दिलं नव्हतं. ही पद्यं पोरांना शिकवायची नाहीत, असं अच्चियम्मानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आपल्या दोघींत ठेव. गावाच्या तोंडी गेलं की घाण होतं."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चारही मुलं नवं लुगडं घेऊन अंगणवाडीत आली. चौघे दारात ओळीनं उभे राहिले.

"अम्मा, घरी चल," सूरिबाबू म्हणाला. "सण आहे. लोक नावं ठेवतात."

"कोणते लोक?"

"सगळेच. पोरांच्या शाळेत जेवतेस असं म्हणतात."

"मग तुम्ही चौघं मला भूक लागली म्हणून आलात, की नावं ठेवली म्हणून?"

सूरिबाबूनं वरूधिनीकडे पाहिलं. "टीचरगारू, तुम्ही तरी सांगा हिला."

साऱ्या गावात ज्याच्याबद्दल सर्वांत जहरी ओळ तयार होती असा माणूस तिच्याकडे मदत मागत होता. ओळ तिच्या जिभेच्या टोकावर आली. अच्चियम्मा तिच्याकडेच बघत होती. वरूधिनीनं ओळ गिळली आणि म्हणाली, "त्यांना वाटलं तर येतील. मी काय सांगणार."

अच्चियम्मानं लुगडं हातात घेतलं, काठ चाचपला, आणि मांडीवर ठेवलं. "सणाला येते," ती म्हणाली. "गोडाचं करा. आणि मला घेऊन जाताना ओरडायचं नाही." सणाचे तीन दिवस ती घरी जेवली. चौथ्या दिवशी दुपारी पोरांच्या रांगेत हजर झाली. सुनेच्या अनारशांसारख्या अरिसेलूंचा गुळाचा पाक कच्चा होता, असं तिनं बसता बसता जाहीर केलं.

वरूधिनी काही बदलली नाही. सरपंचाला ती अजूनही दगडच म्हणे, आणि हिमबिंदूनं पुढच्या फेरीत पोरांच्या मोजण्याचं कौतुक केलं तेव्हा तिनं आभारसुद्धा मानले नाहीत. उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्यावरून तिचं आणि अच्चियम्माचं असं कडाक्याचं भांडण झालं की दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. म्हातारी तरीही रोज यायची. टीचरम्माकडे पाठ करून बसायची, आणि न बघताच पान मागे सरकवायची. वरूधिनी त्यात भात वाढायची, आणि लोणचं मुद्दाम जरा जास्तच.